पाटा वाढतो, पासिंग वाढत नाही

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो मार्केटबाहेर किंवा लासलगाव-पिंपळगावच्या रस्त्याला थोडा वेळ उभं राहिलं, की मागून दबलेली आणि तोंड वर केलेली एखादी पिकअप हटकून दिसते. मडगार्ड चाकाला टेकायला आलेलं असतं, हेडलाइटचा झोत समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जात असतो आणि खड्डा आला की मागून ‘ठक्क’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये यावर ठरलेला उतारा मिळतो, “दोन पाटे वाढवून टाका, शेठ. गाडी बसणार नाही.”

पाटे वाढवल्यावर गाडी बसत नाही, हे खरं. पण गाडी न बसणं ही एक गोष्ट आणि तिने तेवढं वजन सुखरूप वाहून नेणं ही दुसरी. वजन पाट्यांवरून एक्सलवर, एक्सलवरून बेअरिंग आणि रिमवर आणि शेवटी टायरवर जातं. उतारावर तेच वजन ब्रेकला थोपवावं लागतं. पाटा बदलल्याने यातलं दुसरं काहीही बदलत नाही. म्हणून पाट्यांच्या कामाचा हेतू आधी पक्का करावा. पासिंगमध्ये, म्हणजे नोंदणीत मंजूर असलेल्या वजनात, बसणारा माल गाडीने सरळ उभं राहून, न डगमगता न्यावा, एवढ्यासाठी हे काम करायचं. पासिंगच्या वर माल भरण्यासाठी करायचं असेल, तर ते न केलेलंच बरं.

सुरुवात भुईकाट्यापासून

गॅरेजच्या आधी भुईकाटा गाठा. बहुतेक जण काट्यावर मालाचं वजन करतात. आपल्याला गाडीचं करायचं आहे आणि तेही पुढच्या-मागच्या चाकांचं वेगवेगळं.

रिकामी गाडी, डिझेलची टाकी भरलेली, ड्रायव्हर जागेवर, अशा स्थितीत आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहून ठेवा. मग पूर्ण गाडी घ्या. पूर्ण वजनातून पुढचं वजन वजा केलं की मागच्या एक्सलवरचं वजन मिळतं. हेच नेहमीचा माल भरून पुन्हा करा. काट्याच्या अलीकडची-पलीकडची जमीन काट्याशी समतल असली पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो.

एक नमुना घेऊ. रिकामी गाडी १,७५० किलो, त्यातले पुढे १,००० आणि मागे ७५०. माल भरल्यावर एकूण ३,२५० किलो, पुढे १,०५० आणि मागे २,२००. म्हणजे १,५०० किलो मालापैकी पुढच्या चाकांनी जेमतेम ५० किलो उचलले आणि बाकीचे १,४५० मागच्या एक्सलवर आले. पिकअपचा हौदा मागच्या चाकांवरच असतो, त्यामुळे हे असंच होणार. गाडी एकूण वजनात बसूनही मागचा एक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, तो यामुळेच.

आता आरसीवरचं ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ बघा. अनेक गाड्यांच्या कंपनीच्या प्लेटवर पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादाही वेगळी लिहिलेली असते. तुमचे आकडे या मर्यादांच्या आत असतील तरच पाट्यांचा विचार पुढे न्यायचा.

‘आपला माल पासिंगमध्येच असतो’ हा भरवसा काट्यावर बरेचदा टिकत नाही. २० किलोचे ७० क्रेट म्हणजे १,४०० किलो, असा हिशेब आपण करतो. पण रिकामा क्रेटच साधारण दीड-दोन किलोचा असतो, म्हणजे शंभर ते एकशे चाळीस किलो नुसतं प्लास्टिक झालं. वर ताडपत्री, दोर, जॅक, जादा चाक आणि सोबतचा माणूस. हौद्याला मागाहून लोखंडी जाळी किंवा उंच बॉडी बांधून घेतली असेल, तर तिचं वजनही मालाच्याच वाट्यातून जातं. वाळूचा हिशेब तर त्याहून फसवा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि कोरडी वाळू धरली तरी ते साडेचार टनांच्या आसपास जातं. ‘अर्धा ब्रासच टाकलाय’ म्हणणाऱ्याच्या हौद्यात सव्वादोन टन असतात. आपल्या रस्त्यांवरच्या नेहमीच्या पिकअप तेराशे किलोपासून दोन टनांपर्यंतच्या पासिंगच्या असतात. अर्ध्या ब्रासला त्यातली एकही पुरत नाही.

पाटे कमी आहेत की थकलेत?

गाडी नवी असताना हाच माल घेऊन सरळ उभी राहत होती आणि आता दबते, तर पाटे कमी पडलेले नाहीत, थकलेले आहेत. अशा पाट्यांत नवा पाटा घुसवला, की थकलेले तसेच राहतात आणि नवा एकटा मार खातो. थोड्याच दिवसांत तो तुटतो आणि दोष मात्र ‘पाटाच बरोबर नव्हता’ यावर जातो.

ओळखायला सोपं आहे. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर डावी-उजवीकडे टेपने मोजा. दोन्ही बाजूंत बोटभर फरक असेल, तर एका बाजूचा पाटा बसलेला किंवा तुटलेला आहे. मग तुमच्याच मॉडेलची, कमी पळालेली गाडी शोधून तिच्यावर तेच माप घ्या. तुमची गाडी रिकामीही खाली असेल, तर पाट्यांची कमान गेली आहे. रिकामी उंची तेवढीच असून माल भरल्यावरच ती जास्त दबत असेल, तर पाट्यांची ताकद खरोखर कमी पडते आहे, किंवा माल जास्त आहे, किंवा तो चुकीच्या जागी भरला जातो आहे.

त्यानंतर टॉर्च घेऊन चाकामागे बसा. पाट्यांचा गठ्ठा बाजूने नीट बघितला तर बरंच काही सांगतो. सगळीकडे जुना काळपट गंज असताना एखाद्या पाट्यावर आडवी, ताजी तांबूस रेघ दिसली तर ती चीर समजा. मधल्या सेंटर बोल्टाचं भोक आणि पाटे बांधून ठेवणाऱ्या क्लिपांच्या जवळची जागा इथे चिरा आधी पडतात. पाट्यांच्या कडा एका रेषेत नसून पंख्यासारख्या फाकल्या असतील, तर सेंटर बोल्ट तुटला आहे किंवा यू-बोल्ट सैल आहेत. यू-बोल्टाच्या बुडाशी चकचकीत घासलेली जागा दिसली, तर पाटे एक्सलवर हलताहेत. शॅकलचे बुश अंडाकृती झालेत का आणि बंपस्टॉपचं रबर फुटलंय का, तेही बघून घ्या. शॉकअब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ असेल तर तो गेला.

सरळ रस्त्यावर मागून बघणाऱ्याला गाडी किंचित तिरकी चालताना दिसते का, हेही एकदा कोणाला तरी बघायला सांगा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, स्टिअरिंग सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी सारखं यायला हवं. फरक असेल तर एक्सल सरकला आहे आणि नवे पाटे टाकण्याआधी त्याचं कारण शोधावं लागेल.

जाडीचा हिशेब

पाटा किती कडक, हे त्याची लांबी, रुंदी, जाडी आणि पाट्यांची संख्या ठरवतात. संख्या आणि रुंदी वाढली की ताकद त्याच प्रमाणात वाढते. जाडीचं तसं नाही. जाडीचा परिणाम तिच्या घनाच्या प्रमाणात होतो.

८ मिलिमीटरचे पाच पाटे असतील आणि त्यात तसाच सहावा घातला, तर गठ्ठा ढोबळमानाने २० टक्के कडक होतो. तेच पाचही पाटे १० मिलिमीटरचे केले, तर कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो, कारण सव्वाचा घन १.९५ येतो. ‘दोनच मिलिमीटर जाड आहे, काय फरक पडतो’ असं दुकानात कोणी म्हणालं, तर हा हिशेब आठवा. जुन्या पाच पाट्यांत १० मिलिमीटरचा एकच पाटा घातला, तरी कडकपणा साधारण ३९ टक्क्यांनी वाढतो. इतकी वाढ बहुतेक गाड्यांना लागत नाही.

गरजेपेक्षा कडक पाट्याचं नुकसान रिकाम्या फेरीत कळतं. बहुतेक पिकअप एका बाजूने भरून जातात आणि परत रिकाम्या येतात. कडक पाट्यांची रिकामी गाडी खड्ड्यावर मागून उडते. चाक हवेत असतं तेवढा वेळ ते ना ब्रेकला साथ देतं ना वळणाला. पावसात, उतारावर, रिकाम्या पिकअपचं मागचं अंग फिरतं त्यामागे हेही कारण असतं. शिवाय जो हादरा पाट्याने गिळायचा, तो चेसिस, हौद्याचे जोड, केबिन आणि ड्रायव्हरच्या कमरेवर जातो. म्हणून काट्यावरचा आकडा जेवढी वाढ मागतो तेवढीच करा. २०-२५ टक्क्यांच्या वर जायची गरज वाटली, तर गाडीचा वर्गच कामाला लहान पडतो आहे.

पर्याय कोणते?

*आहे तोच गठ्ठा नवा करणे.* थकलेल्या पाट्यांसाठी हा सर्वात चांगला मार्ग. कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा तुमच्याच मॉडेलचा पूर्ण गठ्ठा दोन्ही बाजूंना घाला. एकाच बाजूचा बदलू नका. जुन्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घेणं स्वस्त पडतं, पण ते कोण आणि कसं करतो यावर सगळं आहे. पाटा भट्टीत लाल करून वाकवला आणि नुसता गार होऊ दिला, तर पोलादाचं पाणी उतरतं. तो चार खेपांत पुन्हा बसतो. तापवल्यावर तेलात विझवून पुन्हा ठरावीक उष्णतेला शेकणं, या दोन्ही पायऱ्या झाल्या पाहिजेत. ज्याच्याकडे त्याची सोय नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करणं तर सरळ धोक्याचं आहे. वेल्डिंगशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पाटा पुन्हा तिथेच, तोही भरल्या गाडीत, तुटतो.

*एक पाटा वाढवणे.* चांगल्या अवस्थेतल्या गठ्ठ्याला थोडी ताकद हवी असेल तर हे चालतं. नवा पाटा रुंदीला आणि जाडीला जुन्यांसारखा हवा आणि त्याची गोलाई शेजारच्या पाट्यांना जुळणारी हवी. गोलाई जास्त असेल तर बांधतानाच त्याच्यावर ताण येतो आणि तो आधी तुटतो. कमी असेल तर फट राहते आणि तो नुसता लोंबतो. लांबीचा क्रम वरून खाली उतरता राहिला पाहिजे, मधेच आखूड पाटा घालून वरच्या लांब पाट्याला टोकाशी उघडं पाडू नये.

*हेल्पर पाटे.* रिकामी-भरलेली अशा दोन्ही फेऱ्या करणाऱ्यांसाठी हा पर्याय शहाणपणाचा आहे. मुख्य गठ्ठ्यापासून काही अंतर राखून बसवलेले हे कमी गोलाईचे, जाड पाटे रिकाम्या गाडीत कामाला लागत नाहीत. माल भरून गाडी ठरावीक खाली आली, की ते टेकतात आणि वजनाचा वाटा उचलतात. अनेक पिकअपना हे कंपनीकडूनच असतात. तुमच्या गाडीला आहेत का आणि माल भरल्यावर ते खरोखर टेकतात का, हे आधी बघा. टेकण्याच्या जागेवर घासल्याची चमक दिसते.

*पॅराबोलिक पाटे.* काही गाड्यांत दोन-तीनच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते, एकमेकांत फट ठेवून. ही फट असलीच पाहिजे. त्यात साधा सपाट पाटा घुसवायचा नाही. ताकद हवी असेल तर त्याच पद्धतीचा वरच्या क्षमतेचा पूर्ण गठ्ठा घ्या.

*रबरी स्प्रिंग आणि हवेच्या पिशव्या.* बंपस्टॉपच्या जागी जाड पोकळ रबर, किंवा एक्सल आणि चेसिसच्या मध्ये हवा भरायची पिशवी, असे संच असतात. पिशवीत माल बघून हवा कमी-जास्त करता येते, ही तिची सोय. रिकाम्या गाडीतही तिच्यात उत्पादकाने सांगितलेली किमान हवा ठेवावीच लागते, नाहीतर ती घडी पडून फाटते. सायलेन्सरची उष्णता आणि चाकाने उडवलेली खडी हे तिचे शत्रू. या दोन्ही पर्यायांतला मोठा मुद्दा चेसिसचा आहे. पाटा आपलं वजन चेसिसवर पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला, असं दोन ठिकाणी देतो. पिशवी ते मधल्या एकाच जागी देते आणि ती जागा तेवढ्या वजनासाठी बनलेली असेलच असं नाही. म्हणून तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला संच मिळाला तरच हे करा. मोटारींच्या कॉइल स्प्रिंगमध्ये अडकवायची जी रबरी कडी मिळतात, त्यांचा पाट्यांच्या गाडीला काहीही उपयोग नाही.

*शॉकअब्सॉर्बर.* हा वजन उचलत नाही. पाट्याची उसळी आवरणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे ‘भारी शॉकअप टाका, गाडी बसणार नाही’ हा सल्ला चुकीचा. मात्र पाटे कडक केले की उसळीही जोरदार होते, म्हणून जुने, मेलेले शॉकअब्सॉर्बर त्याच वेळी बदलून घ्यावेत.

ब्रेकची दांडी

पाटे वाढवताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडी किती दबली यावरून तो माल किती आहे ते ओळखतो आणि मागच्या ब्रेकला त्या प्रमाणात दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू नये. भरलेली असेल तर जास्त.

आता पाटे कडक केले. माल तेवढाच, पण गाडी दबतच नाही. व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि भरल्या गाडीतही मागच्या ब्रेकला कमी दाब देतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. कसारा किंवा माळशेज घाट उतरताना मात्र पुढचे ब्रेक तापतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. म्हणून पाट्यांचं काम झाल्यावर या दांडीची जुळणी कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने, अधिकृत वर्कशॉपमधूनच करून घ्या. काही ठिकाणी दांडी तारेने वर बांधून ‘फुल ब्रेक’ करून देतात. तशी गाडी रिकामी असताना ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी होते.

टायरवरचा आकडा

टायरच्या बाजूवर मापानंतर लोड इंडेक्सचा आकडा असतो. १०६ म्हणजे त्या एका टायरला ९५० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिलेले असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. वरच्या नमुन्यात मागच्या एक्सलवर २,२०० किलो आहेत. ११२ चे दोन टायर २,२४० किलो उचलतात, म्हणजे उरले फक्त ४० किलो. मालकाने स्वस्त मिळाले म्हणून १०६ चे टायर टाकले असतील, तर त्यांची क्षमता १,९०० किलो. गाडी पासिंगमध्ये असूनही टायर ३०० किलोने जादा भरलेले. मे महिन्याच्या उन्हात, कमी हवेवर, असा टायर महामार्गावर फुटला तर त्याचं कारण पाट्यांत शोधू नये.

हवा टायर थंड असताना तपासा. भरलेल्या गाडीसाठीचा दाब पुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर दिलेला असतो.

गॅरेजमध्ये उभं राहून बघण्याच्या गोष्टी

काम सुरू होण्याआधी गाडी जॅकवरून उतरवून भक्कम घोडीवर घेतली आहे ना ते बघा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका. सेंटर बोल्ट खोलण्याआधी गठ्ठा शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये धरलेला हवा. दाबलेले पाटे सुटले तर हात मोडतात.

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा पूर्ण कसलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो. गठ्ठा जाड झाला असेल तर लांब यू-बोल्ट लागतील, नट पूर्ण बसून वर आटे दिसले पाहिजेत. सेंटर बोल्टाचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसलं आहे याची खात्री करा, एक्सल सरळ राहतो तो त्याच्यामुळे. नट आळीपाळीने, समोरासमोरचे, टॉर्क रेंचने कसायला सांगा. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतर कसायचे. हवेत लटकत्या एक्सलवर कसले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात.

गाडी मागून उंच झाली असेल तर आणखी चार गोष्टी तपासा: ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हँडब्रेकची केबल पुरते ना, शॉकअब्सॉर्बर पूर्ण ताणून आपटत नाही ना आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून ठरावीक वेगाला थरथर येत नाही ना. थरथर दुर्लक्षित केली तर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो.

पाट्यांना जळकं काळं तेल मारून घ्यायची रीत अजून आहे. ती सोडून द्या. त्या तेलाने रबरी बुश खराब होतात, धूळ चिकटून पाटे घासतात आणि तेल उडून ड्रममध्ये गेलं तर ब्रेक जातो.

गाडी बाहेर काढल्यावर रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही मापं पुन्हा घ्या आणि काट्यावरच्या पावत्यांसोबत जपून ठेवा. पहिल्या काही खेपांनंतर, साधारण ५०० किलोमीटरच्या आत, यू-बोल्ट पुन्हा कसून घ्यायला विसरू नका. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे ते थोडे सैल होतात. हेडलाइटचा झोतही जुळवून घ्या.

हौदा भरण्याची रीत

पाट्यांना एक रुपया न लावता मागचा भार कमी करायचा एक मार्ग आहे, तो म्हणजे माल योग्य जागी ठेवणं. नमुन्यातल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३ मीटर धरा. १,५०० किलो मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या १० सेंटिमीटर पुढे होता, म्हणून मागे १,४५० किलो आले. हाच माल मागे सरकून त्याचा मध्य एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागच्या एक्सलवर मालाचे १,६५० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून १५० किलो उचलले जातात. माल तोच, पण मागे २०० किलो वाढले आणि स्टिअरिंग हलकं झालं. फाळका उघडा टाकून त्यावर गोण्या रचल्या की नेमकं हेच होतं. जड गोण्या केबिनला लागून, हलका माल मागे, हा नियम पाळा. हजार लिटरची पाण्याची टाकी नेत असाल तर ती पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर गाडी ओढून नेतं.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदवलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजनाची गाडी चालवायला कलम ११३ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. दहा पाटे घातले तरी आरसीवरचा आकडा बदलत नाही आणि तपासणीत तोच आकडा बघितला जातो.

थकलेले पाटे त्याच क्षमतेचे बदलणं ही दुरुस्ती आहे. ताकद वाढवणारं काम मात्र कंपनीच्या वर्कशॉपला आणि आरटीओला विचारूनच करा. कामाचं पक्कं बिल ठेवा. मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते, तेव्हा ते उपयोगी पडतं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. अपघातानंतर जादा वजन किंवा न सांगितलेला बदल निघाला, तर दाव्यावर वाद ठरलेला.

शेवटी निर्णय

काट्यावरचे आकडे मर्यादेत आणि पाटे थकलेले, तर पूर्ण गठ्ठा बदला. आकडे मर्यादेत, पाटे चांगले, तरी गाडी दबते, तर आधी माल पुढे सरकवून बघा, मग हेल्पर पाट्यांचा विचार करा. आकडे मर्यादेबाहेर असतील तर पाट्यांच्या दुकानात जाऊ नका. दोन खेपा करा, किंवा वरच्या पासिंगची गाडी घ्या. जादा मालाचं भाडं एका खेपेत हातात पडतं, पण तुटलेला पाटा, फुटलेला टायर, फाटलेली चेसिस आणि दंड मिळून ते पाहता पाहता परत जातं. या आठवड्यातली पहिली भरलेली खेप मार्केटला नेताना वाटेतल्या भुईकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. पाट्यांना हात लावायचा की नाही, हे त्या दोन पावत्याच सांगतील.